पारोसा

तीन दिवस पाण्याचा टँकर आला नव्हता, आणि चौथ्या दिवशी सकाळी गुणाजी मेस्त्रीनं आपल्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला मोगरीनं मारलं.

सन अठ्ठ्याहत्तरचा जुलै. जुबैलला नवं शहर उठत होतं, आणि त्या शहराला लागणारे पाण्याचे हौद बांधायला कंत्राटदारानं आणलेली माणसं शहरापासून पंचवीस मैल आत वाळूत राहत होती. पत्र्याच्या खोल्यांच्या सहा ओळी, एक भटारखाना, एक नळाचं टाकं. समुद्राचं गोडं केलेलं पाणी साठवायचे हौद बांधणारी ही माणसं स्वतः मात्र दोन दोन दिवस तोंड न धुता कामावर जायची. चौदा नंबरच्या खोलीत चौघे होते, चौघेही कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातले. बाबाजी गवंडी सगळ्यांत थोरला, साठीला टेकलेला, खोलीचा कारभार त्याच्याकडे. मोहियुद्दीन बांद्याचा, परात्या, म्हणजे बांधकामाच्या फळ्यांच्या परांच्या, बांधणारा. गुणाजी आणि भिकू हे शटरिंगचे सुतार, मेहुणेमेहुणे. भिकूला इथं गुणाजीनंच आणलं होतं. एजंटाकडे खेटे घालून, बहिणीच्या, शालनच्या, हट्टापायी. त्याला अकरा महिने झाले होते.

भांडण कशावरनं, तर एका बादलीवरनं. गुणाजीनं आदल्या दिवशी टाक्याच्या तळातलं गढूळ पाणी बादलीत भरून खाटेखाली जपून ठेवलं होतं. सकाळी बघतो तर खाटेखाली बादली नाही. बाहेर आला तर भिकू टाक्याजवळ उघडाबंब बसलेला, समोर बादली, हातात तांब्या. अजून एक थेंब अंगावर घेतला नव्हता त्यानं.

"दादानू, एक तांब्यो घेतलंय तर काय तुमची बादली आटाची नाय," तो हसत म्हणाला.

गुणाजीनं बादली ओढली, भिकूनं धरून ठेवली. दोघांच्या ओढाताणीत ती कलंडली आणि वाळूनं पाणी बघता बघता पिऊन टाकलं. तो ओला डाग सुकताना गुणाजीनं पाहिला आणि त्याचं डोकं फिरलं. मोगरी, म्हणजे पाचरी ठोकायचा लाकडी हातोडा, त्याच्या कमरेला खोचलेलीच होती. कामावर निघाला होता ना तो. मोगरी केव्हा हातात आली आणि केव्हा बसली हे त्यालाही नीट कळलं नाही. भिकूच्या उजव्या कानामागं बसली. आवाजही फारसा झाला नाही.

भिकू मटकन खाली बसला. आजूबाजूला रिकामी डबडी घेऊन पंधरा-वीस जण उभे होते. मग भिकू डोकं चोळत उठला आणि पुन्हा हसला.

"काय नाय, काय नाय. शालनीक कळवतलंय, भावान पाहुणचार बरो केल्यान म्हणान."

बाकीचे हसले. गुणाजीही ओशाळून हसला. मोहियुद्दीननं दोघांना पाठीवर थापटून बसमध्ये बसवलं, आणि भिकू पारोसाच कामावर गेला.

दहाच्या सुमारास भिकूला एक उलटी झाली. रात्रीचं कालवण शिळं होतं, तो म्हणाला. अकराला त्यानं खिळा सोडून बोटावर हातोडी मारली आणि स्वतःच्या बोटाकडे नवल केल्यासारखा बघत राहिला. गुणाजीच्या ते लक्षात आलं होतं. विचारावंसं वाटलं, पण सकाळची लाज मध्ये आली. बाराचा भोंगा झाला तसे सगळे हौदाच्या भिंतीच्या सावलीला आडवे झाले. उन्हाचा तडाखा असा की लोखंडी सळीला हात लावला तर चामडी निघायची. एकचा भोंगा झाला. सगळे उठले, भिकू उठला नाही.

मुकादमाला वाटलं ऊन लागून गेला. त्या उन्हाळ्यात तिसरा होता तो. त्यानं पिकअपमध्ये घालून भिकूला कॅम्पवर पाठवलं, बरोबर बाबाजी आणि गुणाजी. चौकीत वर्दी गेली आहे, पोलीस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं मुकादमानं दोनदा बजावलं होतं. बाबाजीनं मान हलवली होती.

पोलीस यायला साडेचार झाले. तोवर चौदा नंबरच्या खोलीत काय झालं ते असं. बाबाजीनं खाटेवरचा भिकू खाली जमिनीवर घेतला, पाय दक्षिणेला केले. सकाळपासून माणूस पारोसा आहे, तो तसाच कसा ठेवायचा, असं तो म्हणाला. नेमका त्याच वेळी, तीन दिवस नाही तो टँकर फाटकातून आत आला. बाबाजीनं दोन बादल्या भरून आणल्या. भटारखान्यातून पाणी कढत करून घेतलं. गुणाजीला धरायला सांगितलं आणि स्वतःच्या हातानं भिकूला न्हाऊ घातलं. डोक्याला खोबरेल चोळलं. चोळता चोळता त्याची बोटं उजव्या कानामागं थांबली. तिथं अंड्याएवढं टेंगूळ होतं, मऊ. बाबाजीनं गुणाजीकडे पाहिलं नाही. बोटं उचलली आणि डाव्या बाजूला तेल चोळायला लागला.

आपण काय केलं हे गुणाजीला कळलं ते तेव्हा. सकाळी नाही, दुपारी नाही, तेव्हा.

पोलीस आले. एक तरुण अधिकारी आणि दोन शिपाई. अधिकाऱ्यानं खोलीत पाऊल टाकलं आणि तो तिथंच थबकला. समोर मढं, केस ओले, भांग पाडलेला, अंगावर धुतलेला पांढरा कपडा. जमीन धुतलेली. कपडेही धुऊन तारेवर घातलेले. जिथं माणूस मेला तिथं तो नाही, जसा मेला तसा नाही. रक्त होतं की नव्हतं, धूळ होती की नव्हती, सांगायला काही शिल्लक नव्हतं. अधिकारी तुटक काही बोलला. मोहियुद्दीन तोवर कामावरून परतला होता; त्यानं जेद्द्याला, बलद या जुन्या वस्तीतल्या एका हाजींच्या हॉटेलात सहा वर्षं काढली होती, त्याला अरबी येई. त्यानं सांगितलं, हे कुणी केलं असं विचारतोय.

"मी न्हाणयलंय," बाबाजी म्हणाला. "आमच्यात न्हाणयतत."

मढं इस्पितळात गेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा कागद आला: ऊन नव्हे, डोक्याला मार, आत रक्त साकळलेलं. त्याच दिवशी पोलिसांनी बाबाजीला नेलं. ज्यानं धुतलं त्यानं काहीतरी लपवलं, एवढा साधा हिशेब त्यांचा, आणि त्यात त्यांची चूक तरी काय होती? आपल्याकडच्या फौजदारानंही तेच केलं असतं.

मग चौकशी सुरू झाली. रोज आठ-दहा माणसांना पिकअपमध्ये घालून चौकीत नेत. टाक्याजवळ सकाळी उभे असलेले पंधरा-वीस जण होते, त्यांतल्या एकानंही ब्र काढला नाही. गुणाजीवरच्या मायेनं नव्हे. बघितलं म्हणणाऱ्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, चौकीत जमा होणार, आणि साक्षीदार म्हणून तो किती महिने अडकणार याचा नेम नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. केरळचे, बिहारचे, पठाण, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. कामावर मात्र जो तो गुणाजीपासून हातभर लांब उभा राही. त्यानं मागितलं तर पक्कड हातात न देता फळीवर ठेवून देत. गुणाजी ती उचलून घेई.

कंपनीचे इंजिनीयर शिरीष साहेब पुण्याचे. त्यांनी गुणाजीला साइटवरच्या केबिनमध्ये बोलावलं, आत गारवा होता, आणि बसायला सांगितलं. बसायला त्यांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं.

"हे पहा मेस्त्री, तुम्हांला काही माहीत असेल तर ते मला सांगू नका," ते म्हणाले. "मला सांगितलंत तर मला कळवावं लागेल."

गुणाजी "होय साहेब" म्हणाला आणि बाहेर आला. उन्हात आल्यावर त्याला कळलं, साहेबांना ठाऊक आहे. सगळ्या कॅम्पला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला.

भीती म्हणजे काय ते गुणाजीला त्या दिवसांत कळलं. भाताचा घास तोंडात फिरत राही, खाली उतरत नसे. संडासाच्या पत्र्याआड बसून तो बाहेरच्या गाडीचा आवाज ऐके. दम्मामच्या बाजारात एका शुक्रवारी नमाजानंतर एका खुन्याची मान तलवारीनं कशी उडवली हे सहा नंबरच्या खोलीतल्या वेल्डरनं पाहिलं होतं. तो सांगायचा तेव्हा गुणाजीनं पूर्वी चवीनं ऐकलं होतं. आता हातोडी उचलताना स्वतःची मान त्याला आठवे. मानेवर घाम आला तरी तो हात लावून बघे.

एकदा त्यानं मोहियुद्दीनला कामावर, परातीच्या फळीवर शेजारी बसून विचारलंच. समज, एखाद्यानं मुद्दाम नाही, रागाच्या भरात मारलं, तर इथं त्याचं काय करतात. मोहियुद्दीननं हातातली दोरीची गाठ आवळली.

"हय माफ करूचो हक्क सरकारचो नाय, मेल्ल्याच्या घरच्यांचो," तो म्हणाला. "शालनीक इचारतले. भावाक मारूचो काय सोडूचो, ता तिनी सांगूचा."

आतापर्यंत गुणाजीला तलवारीची भीती होती. आता तिच्या पलीकडे शालन उभी राहिली. चार घरं सोडून राहणारी, भिकूचं पहिलं पाकीट आलं तेव्हा भीमाबाईला, म्हणजे गुणाजीच्या नि तिच्या आईला, आधी आणून दाखवणारी. कुणी परका माणूस तिच्या ओटीवर कागद घेऊन येणार आणि तिला विचारणार. ती काय म्हणेल? सोडा म्हणेल, आईसाठी म्हणेल. आणि तसं म्हणताना तिचा चेहरा कसा होईल हे त्याला दिसायला लागलं, आणि ते त्याला तलवारीपेक्षाही असह्य होतं.

बाबाजीला भेटायला सातव्या दिवशी जाता आलं. मोहियुद्दीन आणि गुणाजी भात-आमटीचा डबा घेऊन गेले. बाबाजीला कुणी बोट लावलं नव्हतं, पण सात दिवसांत तो निम्मा झाला होता. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. गजांपाशी येऊन तो खाली बसला, उभं राहवत नव्हतं त्याला.

"जेवतंस मा?" त्यानं गुणाजीला विचारलं.

"जेवतंय, बाबाजीनू."

"जेव. हौदाची भिंत खय पावली?"

गुणाजीनं सांगितलं, खांद्यापर्यंत आली. बाबाजीनं मान डोलावली. मग त्यानं डबा पुढं ओढला, आणि हेच गुणाजीच्या अंगावर आलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चौकीतून परत येताना पिकअपच्या मागं बसून गुणाजी रडला, मोठ्यानं, आणि मोहियुद्दीन दुसरीकडे तोंड करून बसला. मग गुणाजीनं डोळे पुसले आणि म्हणाला, परवा मी सांगणार. तू बरोबर ये, मला भाषा येत नाही.

नवव्या दिवशी सकाळी त्यानं टाक्यावर दोन बादल्या पाण्यानं आंघोळ केली. स्वच्छ कपडे घातले. एजंटाचं, आईचं, कुणाचं काय द्यायचं घ्यायचं ते खोलीतल्या वहीत लिहायचं म्हणून बसला आणि तसाच उठला. त्याला आज कशाचंच काही वाटत नव्हतं.

चौकीत पंखा होता. अधिकाऱ्याला सर्दी झाली होती, तो सारखा नाक पुसत होता. त्यानं दोघांना बसायला सांगितलं आणि काचेच्या छोट्या पेल्यांतून चहा मागवला. गुणाजीनं पेल्याला हात लावला नाही. त्यानं सुरुवात केली. बादली कशी भरून ठेवली इथपासून सांगितलं. टँकर नव्हता ते सांगितलं, भिकू हसला ते सांगितलं. शेवटी म्हणाला, "मी मारलंय तेका. मोगरीन. कानाच्या पाठी. बाबाजीनी फकत न्हाणयल्यानी, तेंका सोडा."

बोलणं संपलं तेव्हा त्याला हलकं वाटलं.

मोहियुद्दीन अरबीत बोलायला लागला. तो फार थोडं बोलला. गुणाजी इतकं बोलला होता आणि हा चार वाक्यांत संपला. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं, नाक पुसलं, मान वर करून एक प्रश्न विचारला. मोहियुद्दीन गुणाजीकडे वळला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"तो इचारता," तो म्हणाला, "परातीवरसून भिकू किती उंचावरना पडलो?"

गुणाजीला आधी कळलंच नाही. मग कळलं. पंखा फिरत होता, अधिकारी लेखणी धरून वाट बघत होता. त्या माणसाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. गुणाजीनं नुसती मान जोरात हलवून नाही म्हटलं असतं, हातानं मारल्याची खूण केली असती, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं असतं, तरी पुरलं असतं. त्याच्या मानेवर घामाची एक धार उतरली. ती गळ्यापर्यंत आलेली त्याला जाणवली.

"दोन पुरुष," तो म्हणाला.

मोहियुद्दीननं सांगितलं. दोन माणसं एकावर एक उभी केली तर होते तेवढी उंची. अधिकाऱ्यानं तेही लिहिलं. इतके दिवस का बोलला नाहीस, असं त्यानं विचारलं, आणि त्याचं उत्तर मोहियुद्दीननं परस्परच दिलं, की परात मी बांधली होती, फळी निसटली, माझ्यावर येईल म्हणून हा घाबरला. न्हाऊ घालण्याबद्दलही तो सांगत असावा, कारण अधिकाऱ्यानं मान डोलावली. मेलेल्याला न्हाऊ घालणं त्यांच्याही ओळखीचं होतं. गुणाजीनं जबाबावर अंगठा उठवला. तेव्हा त्याचं लक्ष गेलं की आपण चहा प्यायलो आहोत, पेला रिकामा आहे.

बाहेर आल्यावर मोहियुद्दीन म्हणाला, "माका शिव्या घाल. पण तुझा ऐकान तसाच्या तसा सांगूक माझी जीभ वळली नाय."

गुणाजीनं शिव्या घातल्या नाहीत. तो जिवंत होता. त्याला भूक लागली होती, इतकी की लाज वाटावी.

बाबाजी त्याच दिवशी दुपारी सुटला. मोहियुद्दीनला मुकादमानं परातीवरून काढून खड्डे खणायला लावलं, फळी निसटली त्याची शिक्षा. त्यानं तक्रार केली नाही. आठवडाभरात कागद झाले, अपघाती मृत्यू, आणि शिरीष साहेबांनी चौदा नंबरच्या तिघांना केबिनमध्ये बोलावलं. भिकूची पेटी परवा धाहरानच्या विमानतळावरून मुंबईला जाणार होती. बरोबर एका माणसाला जाता येईल, कंपनी तिकीट देईल, महिन्याची रजा. त्यांनी कागद गुणाजीपुढे सरकवला. सख्खा मेहुणा, दुसरं कोण जाणार?

"माका जाऊचा नाय, साहेब," गुणाजी म्हणाला. "हौदाचा काम अर्धा आसा. बाबाजीनूंका धाडा."

साहेबांनी कागदावरचं नाव खोडलं आणि बाबाजीचं घातलं.

पेटी न्यायला टेंपो आला तेव्हा सकाळचे नऊ होते. इस्पितळातून कॅम्पवर आणलेली पत्र्याची पेटी, चारी कडा डाग देऊन बंद केलेल्या. गुणाजी, मोहियुद्दीन आणि सहा नंबरवाले दोघे, अशांनी ती चढवली. पेटी उन्हानं तापली होती आणि गुणाजीचे तळवे भाजले, तरी त्यानं पकड सोडली नाही. बाबाजी नवा सदरा घालून आला. पाय अजून सुजलेलेच होते. टेंपोत चढण्याआधी तो गुणाजीपाशी थांबला. नऊ दिवस कोठडीत आणि आठ दिवस खोलीत जे तो बोलला नव्हता ते त्यानं आता सांगितलं, हळू आवाजात, नेहमी भाताचं माप सांगायचा तसं.

"हयल्या कायद्यान शालनीक इचारल्यानी असता. आता कोण इचारूचो नाय. म्हणान मी सांगतलंय तिका, काय झाला ता सगळा. मगे तू घराक येवचा काय नाय, ता ती ठरवीत. ती काय म्हणता ता मी तुका कळवतलंय."

गुणाजीनं त्याचे पाय धरले. नको सांगू, असं त्याला म्हणायचं होतं. ज्यानं त्याच्यासाठी नऊ दिवस तोंड उघडलं नव्हतं त्याला तोंड बंद ठेव असं कुठल्या तोंडानं सांगणार? बाबाजीनं त्याला उठवलं, चढला, पेटीला टेकून बसला. टेंपो फाटकाबाहेर पडला आणि डांबरी रस्त्याला लागला.

गुणाजी कामावर गेला. दुपारपर्यंत त्यानं नेहमीसारख्या पाचरी ठोकल्या. बाराच्या भोंग्याला तो हातोडी खाली ठेवून कुणाला न विचारता ऑफिसच्या खोलीत गेला. तिथं केरळचा एक क्लार्क करारांचे कागद बघायचा. गुणाजीचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. क्लार्क हिंदीत म्हणाला, हो, माहीत आहे, अशा वेळी माणसाला घरी जावंसं वाटणारच, तुझं परतीचं तिकीट मी लवकर लावून देतो.

गुणाजी म्हणाला, तिकीट नको, करार वाढवायचा आहे.

"दो साल का करूँ?" क्लार्कनं फॉर्म काढत विचारलं.

गुणाजीनं आधी दाराकडे पाहिलं, मग विचारलं, "ज्यादा से ज्यादा कितने साल का होता है?"